एनसीसी एअर विंगमध्ये जायचंय? पहिल्या नोटिशीपासून 'सी' सर्टिफिकेटपर्यंत

एफवायला नागपूरला आले तोवर एनसीसीत 'एअर विंग' असा वेगळा भाग असतो हे मला माहीतच नव्हतं. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत एनसीसी म्हणजे खाकी कपडे आणि पंधरा ऑगस्टची परेड. कॉलेजच्या फाटकाशी निळसर गणवेशातली, टोपीला लाल तुरा लावलेली एक मुलगी दिसली. तिला विचारलं तेव्हा कळलं की भरती होऊन चार दिवस झालेत. निवड झालेल्या दोघी पुढच्या तपासणीला आल्याच नाहीत, म्हणून मला जागा मिळाली. म्हणजे मी आत गेले ती निव्वळ रिकाम्या झालेल्या जागेमुळे. तुमचं तसं होऊ नये.

तीन वर्षं पूर्ण करून 'सी' सर्टिफिकेट घेतलं. त्यानंतर दर जून-जुलैत कुणाच्या तरी भाचीचा, कुणाच्या धाकट्या भावाचा फोन येतो. प्रश्न तेच असतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

आधी घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो पहिल्या दिवशीच येतो: "एनसीसीत गेलं की फौजेत जावंच लागतं का?" नाही. एनसीसी 1948 च्या कायद्याने उभी राहिली. कॅडेटवर सैन्यात जायचं कुठलंही बंधन नसतं. एअर विंग आली 1 एप्रिल 1950 ला, मुंबई आणि कोलकाता इथे एकेका स्क्वॉड्रनने (हवाई तुकडीने). एक गोष्ट उलट बाजूनेही सांगायला हवी: एअर विंगमध्ये गेलं म्हणजे पायलट झालो असं नसतं. पायलट होण्याच्या एका वेगळ्या वाटेचं दार उघडतं. त्या दाराच्या अटी शेवटी सांगितल्या आहेत. बारावी व्हायची असेल तर तो भाग आधी वाचा.

१. कॉलेज निवडतानाच एअर विंगची चौकशी करा

कॉलेजात एनसीसी आहे म्हणजे एअर विंग आहे असं नाही. बहुतेक कॉलेजांत आर्मी विंग असते. एअर विंग असते ती एखाद्या एअर स्क्वॉड्रनशी जोडलेल्या मोजक्या शाळा-कॉलेजांत. महाराष्ट्रात अशी स्क्वॉड्रन मुंबई, पुणे आणि नागपूर इथे आहेत. त्यामुळे लहान गावातल्या मुलांना बहुतेकदा शहरात प्रवेश घेतल्यावरच ही संधी मिळते. गोव्याची मुलं एनसीसीच्या कर्नाटक-गोवा संचालनालयाखाली येतात, त्यांनी तिकडे विचारावं.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन नेमकं विचारा: "एनसीसीची कुठली विंग आहे? मुलींना जागा आहेत का? एएनओ कोण आहेत?" एएनओ म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर, कॉलेजातलेच एखादे प्राध्यापक. पुढची तीन वर्षं तुमचं बहुतेक काम त्यांच्याशीच असेल.

कॉलेजात फक्त आर्मी विंग असेल तर नाक मुरडू नका. ड्रिल तेच, शिस्त तीच, आणि आर्मी विंगच्या 'सी' सर्टिफिकेटवर सैन्यात एनसीसी स्पेशल एंट्रीने लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाता येतं. एअर विंगसाठी कॉलेज बदलायचा हट्ट फक्त विमानच उडवायचं आहे अशांनी करावा.

एक सावधगिरी. एनसीसीशी मिळतंजुळतं नाव आणि गणवेश घेऊन फिरणाऱ्या खाजगी संस्था असतात. पैसे घेऊन 'कॅडेट' करतात, कॅम्प घेतात, सर्टिफिकेटही देतात. त्या सर्टिफिकेटचा इथे सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीसाठी उपयोग नाही. एनसीसीची भरती शाळा-कॉलेजातून होते आणि निवडीसाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

२. पहिल्याच वर्षी, पहिल्याच नोटिशीला

शाळेत ज्युनियर डिव्हिजन असते, दोन वर्षांची. त्यातून 'ए' सर्टिफिकेट मिळतं. अकरावीपासून पुढे मुलांसाठी सीनियर डिव्हिजन आणि मुलींसाठी सीनियर विंग. दोन वर्षांनी 'बी', तिसऱ्या वर्षी 'सी'. हे गणित डोक्यात पक्कं ठेवा. पदवी तीन वर्षांची असेल आणि तुम्ही एसवायला नाव घातलं, तर 'सी'साठी लागणारं तिसरं वर्ष तुमच्याकडे उरत नाही.

अकरावीत नाव घालणाऱ्यांची अडचण वेगळी. बारावीपर्यंत 'बी' होतं, मग कॉलेज बदलतं आणि नव्या कॉलेजात एनसीसीच नसते. दोन वर्षांची मेहनत तिथेच थांबते. अकरावीत असाल तर बारावीनंतर कुठे जाणार याचा विचार आत्ताच करा. कॉलेज बदलावं लागलंच तर निघण्याआधी एएनओंना भेटून बदलीचे कागद करून घ्या.

नोटीस साधारण जून ते ऑगस्टच्या दरम्यान लागते आणि बोर्डावर फार दिवस राहत नाही. सीनियर कॅडेट शोधा, त्यांच्या ग्रुपमध्ये जा. खरी बातमी तिथे आधी येते.

३. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

लागणारे कागद असे:

- आधार कार्ड
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका
- कॉलेजचं ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती
- पासपोर्ट आकाराचे फोटो, दहा-बारा तरी
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि रक्तगट
- आई-वडिलांचं संमतिपत्र
- स्वतःच्या नावावरच्या बँक खात्याचं पासबुक

पासबुक लागतं कारण गणवेशाचा भत्ता आता थेट कॅडेटच्या खात्यात येतो. वडिलांचं खातं चालत नाही. खातं बंद पडलेलं असेल तर आधी चालू करून घ्या. अर्ज ऑनलाइन भरला तरी छापील प्रती आणि सह्या लागतातच.

आता घोळाबद्दल. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. ऑनलाइन अर्जात पहिल्या चौकोनात नाव, शेवटच्यात आडनाव मागतात. मी घाईघाईत गुणपत्रिका समोर ठेवून भरलं आणि पहिल्या चौकोनात आडनाव गेलं. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. 'बी' सर्टिफिकेट हातात पडलं तेव्हा त्यावर आडनाव नावाच्या जागी, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. ते दुरुस्त व्हायला आठ महिने लागले. अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज. ते दिवस आठवले की आजही जीव घाबरतो, कारण मुलाखतीच्या वेळी हेच कागद समोर ठेवावे लागतात. तेव्हा अर्ज भरताना आधार आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवा, एकेक अक्षर जुळवा, आणि जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करा.

नाव नोंदलं की रेजिमेंटल नंबर मिळतो. तो पाठ करा. कॅम्पपासून परीक्षेपर्यंत सगळीकडे विचारतात.

४. निवडीचा दिवस

पद्धत कॉलेजागणिक थोडी बदलते, पण साचा एकच: उंची-वजन, धावणं, पुश-अप, सिट-अप, एक छोटी लेखी परीक्षा आणि मुलाखत. दोन-तीन आठवडे आधीपासून रोज सकाळी धावा. बूट जुने आणि पायात बसलेले हवेत. नवे बूट घालून आलेल्या मुली माझ्यासमोर अर्ध्यात लंगडत बाहेर पडल्या.

लेखीत सामान्यज्ञान असतं: तिन्ही दलांचे प्रमुख, हवाई दलातली पदं, देशातली विमानं, एनसीसीचं ब्रीद. ते 'एकता और अनुशासन'. मुलाखतीत "एनसीसी का?" हा प्रश्न येतोच. पाठ केलेलं देशभक्तीचं भाषण देऊ नका. मी सांगितलं होतं की मी अजून विमान जवळून पाहिलेलं नाही आणि ते कसं उडतं ते मला समजून घ्यायचंय. सरांनी पुढचे तीन प्रश्न त्यावरच विचारले.

५. गणवेश अंगावर येईपर्यंत

गणवेश लगेच मिळत नाही. तोवर पांढरा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि बूट. मुलांचे केस बारीक, दाढी रोजच्या रोज (शीख मुलांना सूट). मुलींचा घट्ट अंबाडा, त्यावर जाळी, एकही बट बाहेर नको.

बेरे म्हणजे गणवेशाची गोल टोपी, मिळाल्यावर ती इडलीच्या भांड्यासारखी ताठ असते. कोमट पाण्यात भिजवा, पिळा, ओली असतानाच डोक्यावर चढवा, बिल्ला डाव्या डोळ्यावर येईल असं बसवा आणि उरलेला भाग उजव्या कानाकडे तळहाताने दाबत राहा. तशीच डोक्यावर वाळू द्या. दोनदा केलं की आकार धरते. बुटांना पॉलिश लावलं की कापसाचा बोळा किंचित ओला करून छोटे छोटे गोल फिरवा, टाचेपासून नव्हे, टोकापासून. पहिल्या दिवशी तासभर गेला तरी चमक येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक बुटाच्या टोकात ट्यूबलाइट दिसायला लागते.

६. परेड: ड्रिल, थिअरी आणि बाल्सा लाकूड

परेड बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवारी. स्क्वॉड्रनमधून पीआय स्टाफ येतात, म्हणजे हवाई दलाचे प्रशिक्षक. ड्रिलचे हुकूम हिंदीत: सावधान, विश्राम, दाहिने मुड, कदमताल, तेज चल, थम. पहिला महिना फक्त हेच असतं आणि पुष्कळ जण याच महिन्यात गळतात. पाय दुखतात, ऊन लागतं, "यात विमान कुठे आहे?" असं वाटतं. हा महिना काढा. ड्रिलचा कंटाळा चौथ्या-पाचव्या आठवड्यात जातो, जेव्हा तीस जणांची टाच एकाच वेळी जमिनीवर पडते आणि तो आवाज छातीत जाणवतो.

हजेरी 75 टक्के लागते. तिच्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. प्रॅक्टिकल आणि परेड एकाच वेळी येत असेल तर विभागाला आधी लेखी कळवा. आणि आपली हजेरी स्वतःच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा. रजिस्टरमध्ये चूक झाली तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी हवं.

थिअरीत उड्डाणाची तत्त्वं, विमानाचे भाग, इंजिन, हवामान, दिशाशोधन, एअरमनशिप आणि विमानं ओळखणं असतं. सुरुवात चार बलांपासून होते: लिफ्ट (वर उचलणारं), वजन, थ्रस्ट (पुढे ढकलणारं), ड्रॅग (मागे ओढणारं). मग एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर या विमानाच्या पंख-शेपटीवरच्या हलत्या पट्ट्यांपैकी कोण काय करतं ते. हे तिन्ही नुसते पाठ करू नका. तळहात विमानासारखा आडवा धरा: एलिव्हेटरने बोटं वर-खाली, एलेरॉनने हात कुशीवर, रडरने बोटं डावी-उजवी. आमच्या वर्गात परीक्षेच्या हॉलमध्येही सगळे हात हलवत बसायचे.

एअर विंगचं खरं वेगळेपण म्हणजे एअरोमॉडेलिंग, विमानांची छोटी मॉडेलं बनवणं. हलक्या बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या येतात. नकाशा खाली ठेवून पंखाच्या फासळ्या कापायच्या. ब्लेड लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवलं तर लोण्यासारखं जातं, आडवं चालवलं तर फळी चिरते. घाई न करता तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापा, मग पॉलिश पेपर. आधी नुसतं ठेवायचं मॉडेल, नंतर उडणारी. कंट्रोल लाइन प्रकारात विमान दोन तारांनी तुमच्या हातातल्या मुठीला जोडलेलं असतं आणि तुमच्याभोवती गोल फिरतं, तुम्हीही जागेवर फिरत राहायचं. मनगट वर झालं की विमान वर, खाली झालं की खाली. नजर विमानावरून हलली की गरगरतं. छोट्या इंजिनाच्या इंधनात एरंडेल असतं, त्याचा जळका गोडसर वास कपड्यांना दोन दिवस राहतो. माझं पहिलं मॉडेल चौथ्या फेरीला नाकावर आपटलं. सरांनी तुकडे गोळा करायला लावले आणि कुठला सांधा आधी सुटला ते शोधायला सांगितलं. त्या एका दुपारी मी जेवढं शिकले तेवढं पुस्तकातून शिकले नाही.

७. कॅम्प

दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प म्हणजे सीएटीसी. 'बी'साठी एक तरी, 'सी'साठी किमान दोन कॅम्प झालेले हवेत. पहिल्या वर्षीच एक करून टाका. तिसऱ्या वर्षासाठी कॅम्प शिल्लक ठेवणाऱ्यांची तारखांशी झुंज होते, कारण कॅम्प आणि विद्यापीठाची परीक्षा एकमेकींना विचारून येत नाहीत. राहणं-जेवणं सरकारी खर्चाने असतं.

सोबत न्यायचं: ताट-वाटी-मग, चादर, मच्छरदाणी, टॉर्च, पत्र्याच्या पेटीला किंवा बॅगेला कुलूप, सुई-दोरा, पॉलिशचा डबा, रोजची औषधं, दोन जास्तीचे मोजे. सोनं घरी ठेवा. कपड्यांवर रेजिमेंटल नंबर लिहा, नाहीतर दोरीवरून मोजे आपोआप कमी होत जातात.

पहाटे पीटी, मग ड्रिल, वर्ग, फायरिंग, संध्याकाळी खेळ आणि रात्री रोल कॉल. पहिले तीन दिवस घरची आठवण येते. मी दुसऱ्या रात्री मच्छरदाणीत रडले. शेजारच्या पलंगावर यवतमाळची मुलगी होती, ती काही न बोलता मगातलं पाणी पुढे करून झोपली. आजही आमचा फोन असतो. आजारी वाटलं तर लपवू नका, कॅम्पात डॉक्टर असतो. चक्कर येऊन फॉलिनमध्ये (रांगेत उभं असताना) पडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सकाळी चहाशिवाय काही घेतलेलं नसतं.

फायरिंगला पॉइंट टू टू रायफल. पोटावर झोपून, खांद्याला दस्ता घट्ट. पहिल्यांदा निशाण्याच्या मधोमध लागायच्या मागे लागू नका. पाचही गोळ्या एकमेकींजवळ पडल्या पाहिजेत, त्याला ग्रुपिंग म्हणतात. श्वास अर्धा सोडून थांबवा आणि ट्रिगर दाबा, खेचू नका.

याच्या वर वायू सैनिक कॅम्प (एअर विंगचा देशपातळीवरचा) आणि दिल्लीचा प्रजासत्ताक दिन कॅम्प. त्यांची निवड युनिट, ग्रुप (अनेक युनिटांचा मिळून), मग संचालनालय अशी पायऱ्यांनी होते. महाराष्ट्रात ग्रुपांमधल्या स्पर्धेला सगळे 'आयजीसी' म्हणतात. दिल्लीचं स्वप्न असेल तर एएनओंना पहिल्याच वर्षी सांगा. एकापाठोपाठ एक कॅम्प लागतात आणि कॉलेजचे कित्येक आठवडे बुडतात. घरच्यांशी आणि विभागप्रमुखांशी आधी बोलून ठेवलेलं बरं.

८. आकाशातली दहा मिनिटं

एअर विंगच्या कॅडेटना मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानातून नेतात. एनसीसीकडे व्हायरस एसडब्ल्यू 80 जातीची विमानं आहेत: दोन आसनं शेजारी-शेजारी, 80 अश्वशक्तीचं इंजिन. उड्डाण मात्र धावपट्टी, हवामान आणि विमानाची तयारी यांवर अवलंबून असतं, त्यामुळे नंबर कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. माझे तीन रविवार वाऱ्यात गेले. पहाटे जायचं, वाट बघायची, परत यायचं. चौथ्या वेळी नंबर लागला.

पालकांची सही असलेला कागद आधीच तयार ठेवा, त्याच्याशिवाय विमानाजवळ जाऊ देत नाहीत. हलकं खा, पण उपाशी जाऊ नका. खिशातला पेन, केसातल्या पिना, मोबाइल सगळं बाहेर काढा. सुटी वस्तू कंट्रोलमध्ये अडकू शकते. चालत्या इंजिनाजवळ समोरून कधीही जाऊ नका, सांगतील त्याच बाजूने जा.

चाकांचा खडखड आवाज एका क्षणी थांबतो, तेव्हा कळतं की जमीन सुटली. खाली संत्र्याच्या बागा कंगव्याच्या दातांसारख्या दिसत होत्या. वर स्थिर झाल्यावर सरांनी स्टिक (विमान चालवायचा दांडा) धरायला सांगितलं, "पेन धरतेस तशी." मी मूठ आवळून धरली आणि विमानाचं नाक लगेच वर गेलं. बोटं सैल केली, ते आपोआप खाली आलं. तळहात हलवत पाठ केलेला एलिव्हेटर त्या क्षणी खरा झाला. दहा मिनिटांत आम्ही खाली होतो. घरी फोन करून मी आईला नेमकं काय सांगितलं ते आठवत नाही, ती मात्र रडत होती.

९. परीक्षा

लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. सीनियरकडून वह्या घ्या. एअर विंगचे विशेष विषय फक्त आदल्या आठवड्यात होत नाहीत, तेव्हा उड्डाणाची तत्त्वं आणि हवामान आधी उरका. 'सी' सर्टिफिकेटला ए, बी, सी अशी श्रेणी असते. सैन्याच्या एनसीसी एंट्रीला किमान बी श्रेणी लागते, म्हणून "पास झालं तरी पुरे" असं मनाशी ठरवू नका.

१०. पायलट व्हायचं असेल तर

एअर विंगच्या सीनियर डिव्हिजनच्या 'सी' सर्टिफिकेटवर हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला (पायलटांच्या शाखेला) एनसीसी स्पेशल एंट्रीने अर्ज करता येतो. त्यात एएफकॅट ही हवाई दलाची लेखी प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही, थेट एएफएसबीला, म्हणजे हवाई दलाच्या निवड मंडळासमोर बोलावतात. जाहिरात एएफकॅटच्याच सोबत येते, वर्षातून दोनदा. अटी बघा:

- बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हींत किमान 50 टक्के
- पदवीला किंवा इंजिनिअरिंगला 60 टक्के
- वय 20 ते 24
- उंची किमान 162.5 सेंटिमीटर
- डोळे: मायनस नंबरचा चष्मा या ब्रँचला अडतो

पहिली अट कॉमर्स-आर्ट्सच्या कितीतरी चांगल्या कॅडेटना तिसऱ्या वर्षी कळते आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. आमच्या तुकडीतला सगळ्यात उत्तम ड्रिल करणारा मुलगा असाच थांबला. नंतर तो आर्मीच्या वाटेने गेला, पण त्याला हे अकरावीतच कुणी सांगायला हवं होतं.

एएफएसबीच्या पहिल्याच दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्रावरून गोष्ट लिहून तिच्यावर चर्चा असते. त्यात गळलेले त्याच दिवशी घरी. पायलटसाठी सीपीएसएस ही यंत्रावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, त्यात नापास झालं की फ्लाइंग ब्रँच संपली. त्यामुळे ती द्यायला जाण्याच्या आदल्या रात्री रेल्वेच्या जनरल डब्यात उभं राहून प्रवास करू नका. रिझर्वेशन आधी काढा, पुरेशी झोप घ्या.

तिसरं वर्ष संपल्यावर जे सामान परत करायचं सांगतील ते जमा करा आणि जमा केल्याची सही वहीत घ्या. सर्टिफिकेट यायला वेळ लागतो, कधी पदवीच्या निकालानंतरही महिने जातात. दर पंधरा दिवसांनी चौकशी करत राहा. हातात आलं की तिथेच, टेबलापाशी उभं राहून नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, रेजिमेंटल नंबर आणि विंग वाचा. चूक असेल तर सही करण्याआधी दाखवा.